घरच्या घरी छोट्या गाडीची देखभाल आणि सजावट: आधी ब्रेक, मग बाकीचं

घरी गाडीवर काम करायचं ठरलं की पहिली खरेदी बहुधा चुकते. एलईडी पट्ट्या येतात, स्टिअरिंगचं कव्हर येतं, स्पीकर येतात. वर उचललेली गाडी धरून ठेवणारे स्टँड मात्र यादीत तळाला असतात. बेअरिंग वाजणाऱ्या गाडीवर नवी रुंद चाकं चढवली, तर नंतर येणारी घरघर टायरची की बेअरिंगची, हे शोधण्यात महिना जातो. म्हणून आधी गाडी कंपनीतून निघाली तेव्हा होती तशी करायची आणि मग तिच्यात आपलं काही घालायचं.

इथले आकडे १००० ते १२०० सीसीच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला धरून दिले आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेतलाच खरा.

हत्यारं

८ ते १९ मिमीचे रिंग पाने आणि त्याच मापांचा गोटी सेट. रोजच्या कामात १०, १२, १४, १७ आणि १९ हेच लागतात. १० ची गोटी दोन घ्या, एक हरवणारच आहे. याशिवाय २ टनी ट्रॉली जॅक, दोन स्टँड, चाकांना लावायला लाकडी पाचरी, ५-६ लिटर मावेल असा पसरट ट्रे, मल्टिमीटर, कपाळावर बांधायचा टॉर्च आणि हातमोजे.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘टक्’ वाजून सांगणारा पाना, ही चैन नाही. छोट्या गाडीचं इंजिन ॲल्युमिनियमचं असतं. हाताच्या अंदाजाने आवळलेल्या नटाचे आटे एकदा गेले की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. एकच घ्यायचा असेल तर २० ते १२० न्यूटन-मीटरचा (आवळण्याच्या जोराचं एकक) घ्या; जमलं तर ५ ते २५ चा छोटा दुसरा. नट सोडवायला तो कधीही वापरू नका. एकदा ‘टक्’ झालं की थांबा. खात्रीसाठी आणखी दोनदा टक् करून घ्यायची सवय अनेकांना असते, त्यात नट दरवेळी थोडा पुढे सरकण्याची शक्यता असते. काम झालं की रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते आणि पुढच्या वेळी रेंच खोटं सांगतो.

एक वहीही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या मापाचा पाना लागला. ‘एअर फिल्टरच्या डब्याचा डावा मागचा क्लिप आधी’ ही एक ओळ पुढच्या वर्षी पाऊण तास वाचवते.

गाडी वर घेणं

जमीन सपाट आणि पक्की हवी. उन्हात तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, म्हणून त्यांच्याखाली जाड प्लायवूडचा तुकडा द्या. गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि जी बाजू जमिनीवर राहणार आहे तिथल्या चाकांना दोन्हीकडून पाचर लावा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी, हे ऐन वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून घ्या. जॅक लावायची जागा म्हणजे दाराखालच्या दुमडलेल्या पत्र्यावरच्या दोन खाचांमधला भाग. इंचभर इकडेतिकडे लावलात तर पत्रा चेपतो आणि चेपलेल्या घडीतूनच गंज सुरू होतो. गाडी वर आली की स्टँड सरकवा, जॅक हळू सोडून पूर्ण वजन स्टँडवर येऊ द्या आणि मग गाडीला हाताने जोरात हलवून पाहा. हलणार असेल तर आपण खाली नसताना हललेली बरी. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे लावू नका. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही.

इंजिन ऑइल

पहिलं काम म्हणून हे उत्तम. सोपं आहे आणि चुकायला भरपूर जागा आहे.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा. फार तापवलंत तर ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. खाली जायच्या आधी वरचं भरायचं झाकण उघडा. हवा आत गेली की ऑइल सलग वाहतं. झाकणाच्या आत पिवळसर साय दिसली तर घाबरून जाऊ नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत पाण्याची वाफ बाहेर पडत नाही, त्याची ती खूण. गेजच्या काडीवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घटत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा, संशय घ्यावा.

आता खाली. ड्रेन नट ओळखणं ही पहिली अवघड गोष्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी असतात आणि दोघांनाही नट असतो. गिअरबॉक्सचं ऑइल काढून टाकायचं आणि इंजिनात जुन्यावर नवं भरायचं, असा प्रकार नवशिक्यांकडून नेहमी होतो. बाहेर आलेलं ऑइल काळपट न दिसता मधासारखं आणि उग्र वासाचं असेल, तर तिथेच थांबा.

ट्रे नटाच्या अगदी खाली ठेवू नका. नटाचं तोंड ज्या दिशेला आहे त्या बाजूला थोडा पुढे सरकवा, कारण पहिली धार लांब पडते. शेवटचे दोन-तीन आटे हाताने, नट आत दाबत दाबत फिरवा आणि मग एका झटक्यात बाजूला घ्या. धार मंदावली की ती जवळ पडू लागते. ट्रे मागे ओढा. दहा मिनिटं थेंब पडू द्या.

ड्रेन नटाचा वायसर दरवेळी नवा. तो मऊ धातूचा असतो आणि एकदाच नीट चेपतो. जुनाच लावला की थेंब येतो, थेंब आला की माणूस नट आणखी आवळतो आणि चेंबरचे आटे जातात. आवळण्याचं माप साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर.

फिल्टर काढल्यावर त्याच्या तोंडावरची रबरी रिंग त्याच्यासोबतच आली का ते पाहा. ती कधीकधी इंजिनाला चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक येतात आणि इंजिन सुरू होताच दाबाने सगळं ऑइल जमिनीवर. नव्या रिंगेला बोटभर ताजं ऑइल चोळा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर पाऊण फेरा. पाना लावायचा नाही.

या आकाराच्या इंजिनात फिल्टरसह २.८ ते ३.५ लिटर ऑइल मावतं. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा पाव लिटर कमी भरून इंजिन अर्धा मिनिट चालवा. ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. मग पाच मिनिटं थांबून काडी पाहा आणि वरच्या खुणेच्या किंचित खाली येईपर्यंत भरा. ‘थोडं जास्त असलेलं चांगलं’ हा समज चुकीचा आहे. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक ऑइल घुसळून फेस करतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

ग्रेड पुस्तिकेत असेल तीच घ्या, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. आवाज कमी व्हावा म्हणून जाड ऑइल टाकण्याची पद्धत जुन्या, सैल इंजिनांची आहे. आजच्या इंजिनातल्या बारीक वाटांना पातळ ऑइलच लागतं. जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरून ते गोळा करणाऱ्यांकडे द्या, गटारात नाही.

प्लग, कूलंट, बॅटरी

स्पार्क प्लग थंड इंजिनातच काढा, गरम ॲल्युमिनियममधून ओढले तर आटे सोबत येतात. काढायच्या आधी खोबणीतली धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग बसवताना त्याच्या वरच्या टोकाला फूटभर रबरी नळी लावा आणि नळीने फिरवा. आटे तिरके लागले तर नळी हातातच घसरते; पान्याला मात्र ते कळत नाही. १४ मिमी आट्यांच्या प्लगला २० ते २५ न्यूटन-मीटर, १२ मिमीला त्याहून कमी. जुन्या प्लगचं टोक फेकून देण्याआधी पाहा. तपकिरी-राखाडी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तर ओलसर काळं म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर प्लग प्रमाणाबाहेर तापतोय. साधे प्लग २० ते ४० हजार किलोमीटर जातात, इरिडियमचे ८० हजार ते लाखभर.

कूलंटचं झाकण गरम इंजिनावर उघडू नका. दाबाखालचं पाणी झाकण सुटताच उकळून अंगावर येतं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, म्हणजे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नळाचं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साठवतं. वेगळ्या जातीची कूलंट मिसळली तर काही वेळा गाळ धरतो, आणि रंगावरून जात ओळखता येत नाही, डब्यावरचं वाचा. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर त्याच्या नळीत हवा अडकते. सांडलेलं लगेच पुसा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, म्हणून मांजर-कुत्री चाटतात आणि थोड्यानेही मरतात.

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.४ ला पाऊण आणि १२ च्या आसपास जवळजवळ रिकामी. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ म्हणजे आल्टरनेटर ठीक. काढताना आधी ऋण टोक, लावताना ते शेवटी. कारण साधं आहे: धन टोकावर पाना असताना तो बॉडीला टेकला आणि ऋण अजून जोडलेलं असलं, तर पाना जागीच वेल्ड होतो. टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने निघते.

ब्रेक पॅड

इथे घाई नको. दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड एकत्रच बदलायचे, पण एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू नमुना म्हणून जोडलेली राहते आणि क्लिप कुठला कुठे होता ते तिथे पाहता येतं.

नव्या पॅडचं घर्षणाचं थर साधारण १० मिमी असतं. ३ मिमी राहिलं की बदला. आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजलेला हवा. एक जाड, एक पातळ असेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या सरकपिना अडकल्या आहेत, आणि त्या मोकळ्या न करता नवे पॅड घातले तर तेही तसेच जातील.

१. चाक काढा. ब्रेक ऑइलच्या डब्यात पातळी वरपर्यंत असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑइल उलटं वर येतं. गाडीच्या रंगावर एक थेंब पडला तरी लगेच पाण्याने धुवा, ते रंग उचलतं.

२. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा. पूर्ण काढावा लागलाच तर तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

३. जुने पॅड आणि पत्र्याचे क्लिप काढा. पॅड बसतात त्या खाचा तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासा. नवा पॅड हाताने सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर खाचेत अजून गंज आहे.

४. डिस्कची जाडी मोजा. किमान माप डिस्कवरच कोरलेलं असतं. काठाला उभी कड आली असेल तर ती मोजमापात धरू नका.

५. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत दाबा. मागच्या चाकाला डिस्क आणि हँडब्रेक दोन्ही एकाच कॅलिपरमध्ये असतील तर पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो. नुसता दाबला तर आतली यंत्रणा मोडते.

६. सरकपिना पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिना पुन्हा अडकतात.

७. पॅडच्या पाठीला आणि कानांना सिरॅमिक ग्रीसचा हलका हात. घर्षणाच्या बाजूला बोटही लावू नका. सगळं बसवून पिनांचे बोल्ट २५ ते ३५ न्यूटन-मीटर.

८. दुसरी बाजूही झाली की गाडी सुरू करण्याआधी ब्रेक पेडल दाबत राहा, ते कडक होईपर्यंत. पहिले चार-पाच दाब तळाला जातील, कारण पिस्टन अजून मागे आहेत. हे विसरून गाडी मागे घेतली तर ती थांबत नाही.

मग मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक मारा. मध्ये पूर्ण थांबून पेडल धरून ठेवू नका. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि नंतर पेडल थरथरतं. लोक डिस्क वाकडी झाली असं समजून ती बदलतात.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, दिसायला कितीही स्वच्छ असो. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. डॉट ३ आणि ४ एकाच कुळातले; डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही.

चाकं आणि टायर: आधी कागदावर

इथून सजावट. बदल करण्याआधी तुमच्याकडचे नोंदणीचे आणि विम्याचे नियम पाहून घ्या, विशेषतः चाकं, दिवे आणि उंचीच्या बाबतीत.

समजा मूळ टायर १६५/८० आर१४ आहे. बाजूची भिंत १६५ च्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी. एकूण व्यास ३५५.६ अधिक दोनदा १३२, म्हणजे ६१९.६. आता १५ इंची चाक घ्यायचं आहे. १८५/६५ आर१५ चा व्यास ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५. फरक ०.३ टक्के, उत्तम. १८५/६० घेतलात तर ६०३, म्हणजे २.७ टक्के कमी. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल आणि गाडीचं पोटही ८ मिमी खाली येईल. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा.

व्यास जुळला तरी रिम बसेलच असं नाही. नटांच्या वर्तुळाचं माप, म्हणजे पीसीडी, अचूक तेच हवं. ४x१०० च्या (चार नट, १०० मिमीचं वर्तुळ) हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, ४x९८ ची रिम ‘जवळजवळ’ बसते आणि तीच घातक. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर सेंटरिंग रिंग लावा, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते; रिमवर ते ‘ईटी’ म्हणून लिहितात. मूळ रिम ५ इंच रुंद, ईटी ४०. नवी ६ इंच, ईटी ३५. रुंदी २५.४ मिमी वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७. ऑफसेट ५ ने घटल्याने चाक ५ मिमी बाहेर सरकलं. म्हणजे बाहेर १७.७ मिमी जास्त आणि आत स्ट्रटकडे (चाकामागचा स्प्रिंग-शॉकअप्सचा खांब) ७.७ मिमी जास्त. स्ट्रट आणि टायरमध्ये आज बोट जात नसेल तर ही रिम सोडून द्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि मागे चार माणसं बसवूनही जागा पाहायची.

टायरवरच्या तारखेकडेही लक्ष द्या. शेवटचे चार अंक २३१९ असतील तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. हवा टायर थंड असतानाच तपासा.

स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणं हा मात्र खेळ नव्हे. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळताच जागेवरून सुटू शकते. उघडा एअर फिल्टरही आवाजापलीकडे फार काही देत नाही, उलट बॉनेटखालची गरम हवा इंजिनात ओढतो.

हेडलाईटला रिले

जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. रिले म्हणजे छोट्या करंटने चालू होणारा स्विच; तो बॅटरीचा करंट थेट दिव्याला देतो. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो: व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की प्रकाश जवळपास ३० टक्के कमी. नवे बल्ब घेण्याआधी मोजा. इंजिन आणि दिवे चालू ठेवून बॅटरीवर किती आणि बल्बच्या टोकांवर किती ते पाहा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिले घालून काही मिळणार नाही. काचेचा पिवळेपणा काढा. तो बहुधा खरा गुन्हेगार असतो, आणि ८०० पासून ३००० नंबरपर्यंत ओल्या पॉलिश पेपरने घासून वर यूव्ही क्लिअर कोट दिला की जातो. कोट टाळला तर काच काही महिन्यांत परत पिवळी पडते.

फरक जास्त निघाला तर लोबीम आणि हायबीम यांना प्रत्येकी एक ३० अँपिअरचा रिले. रिलेवर चार आकडे असतात. ३० ला बॅटरीची धन वायर, ८७ मधून बल्बकडे, ८६ ला जुन्या हेडलाईट सॉकेटमधली वायर, ८५ बॉडीला. दोन ५५ वॉटचे दिवे म्हणजे साधारण ९ अँपिअर; त्याला १५ चा फ्यूज आणि २.५ चौरस मिमी वायर. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरच्या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं. तो कुठे घासला तर जळायचा थांबत नाही. काही गाड्यांत, विशेषतः जपानी, स्विच अर्थच्या बाजूने असतो. अशा ठिकाणी वरची जोडणी चालत नाही, म्हणून जुनी वायर मल्टिमीटरने तपासल्याशिवाय काहीही कापू नका. दिवे कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या नव्या गाडीत तर या वायरींना हातच लावू नये.

जोड क्रिम्प करा (पकडीने धातूची नळी दाबून) आणि वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). नुसती झाळ दिलेली वायर झाळ संपते तिथे ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. अर्थसाठी रंग खरवडून उघडा पत्रा काढा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांच्यावर मल्टिमीटरही टेकवायचा नाही.

शेवटी झोत लावा. भिंतीपासून १० मीटरवर, सपाट जागी, लोबीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी खाली हवी. हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला तर ही कडच राहत नाही. आपल्याला उजेड वाटतो आणि समोरच्याला आंधळं करतो.

दाराचा आवाज

दार धाडकन न वाजता ‘धप्’ असं बंद व्हावं, एवढ्यासाठी सगळा पत्रा झाकायची गरज नसते. २ मिमीच्या ब्युटाईल शीटने बाहेरच्या पत्र्याचा मधला पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर बसते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शीट चिकटवून रोलरने दाबा, खडबडीत नक्षी सपाट होईपर्यंत. काच पूर्ण खाली घेऊन ती शीटला घासत नाही ना ते पाहा. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं मोकळी राहू द्या.

दाराच्या पॅनेलमागे एक प्लास्टिकचा पडदा असतो. स्पीकर बसवताना तो फाडून फेकून देतात आणि मग पुढच्या पावसात पायाखालचा गालिचा का भिजतो ते कळत नाही. काचेवरून दारात उतरलेलं पाणी भोकांकडे वळवायचं काम तोच करतो. जपून सोलून काढा आणि ब्युटाईलच्या दोरीने परत चिकटवा.

लोखंडी रिम रंगवणं

कमी खर्चात सर्वात जास्त दिसणारा बदल हाच. टायर काढून घेतला तर बरं, नाहीतर हवा कमी करून रिमच्या कडेत जाड कार्डाचे तुकडे पत्त्यांसारखे खोवा. गंज तारेच्या ब्रशने, मग ४०० चा ओला पेपर सगळीकडे, मग ६००. ग्रीस काढा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. प्रायमरचे दोन-तीन पातळ हात, २५-३० सेंमीवरून, मध्ये १०-१५ मिनिटं. फवारा रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. मध्ये थांबलात तिथे ओघळ येतो. मग रंगाचे तीन हात, क्लिअरचे दोन. हार्डनर मिसळायचा दोन-घटकी क्लिअर घरात मारू नका, त्यातल्या आयसोसायनेटला साधा मास्क अडवत नाही.

रंग देण्याआधी दोन जागा टेपने झाका: नट टेकतात ते शंकूसारखे खळगे आणि रिमची मागची बाजू जिथे हबला लागते. तिथे रंगाचा थर राहिला तर नट रंगावर आवळले जातात, चार दिवसांत रंग दबून पातळ होतो आणि नट तेवढेच ढिले पडतात. रंग आठवडाभर पिकू द्या. मग चाक चढवताना आट्यांना ऑइल न लावता, समोरासमोरचे नट आलटून-पालटून आधी हाताने, मग चाक जमिनीवर टेकवून पुस्तिकेतल्या मापाला, जे या गाड्यांत बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतं. ५० ते १०० किलोमीटर झाले की रेंच पुन्हा लावा. एखादा नट टक् होण्याआधी फिरला तर चाक काढून तो खळगा पाहा.